दोनच बटणं

आमच्या वर्तमानपत्रात त्यांनी मुद्रितशोधक म्हणून सव्वीस वर्षं काढली, आणि त्यातली निदान वीस वर्षं त्यांना कोणी खऱ्या नावानं हाक मारली नाही. संपादकांपासून छपाईखात्यापर्यंत सगळे त्यांना वेलांटीबाई म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे आणि तोंडावरही. त्यांना त्याचा राग नव्हता. एका नव्या बातमीदारानं चिठ्ठीवर ‘वेलांटिबाई’ असं लिहिलं, तेव्हा त्यांनी ती वेलांटी तेवढी दीर्घ करून चिठ्ठी त्याला परत पाठवली होती.

मी शेजारच्या टेबलावर उपसंपादक होतो. बाई ओळीखाली पट्टी धरून वाचायच्या, ओठ किंचित हलवत. चूक सापडली की हरवलेली किल्ली सापडावी तसा चेहरा खुलायचा. त्यांचा एक ठाम सिद्धांत होता: जो वेलांटीत निष्काळजी, तो माहितीतही निष्काळजी. “ज्याला ‘मृत्यू’ नीट लिहिता येत नाही,” त्या म्हणायच्या, “त्यानं माणूस खरंच गेलाय का, हे तरी नीट विचारलं असेल का?” आम्ही हसायचो. पण अशाच शंकेवरून त्यांनी दोनदा जिवंत माणसाची निधनवार्ता छापता छापता थांबवली होती, त्यामुळे पुरतं हसताही यायचं नाही.

मग शुद्धलेखन तपासणारं यंत्र आलं आणि एका दुपारी चारही मुद्रितशोधक घरी गेले. बाईंनी टेबलाचा खण रिकामा केला, पट्टी पर्समध्ये घातली आणि जाताना मला म्हणाल्या, “आजच्या अंकात चौथ्या पानावर ‘पुर्ण’ गेलंय. माझी ड्यूटी संपल्यावर गेलंय.”

त्याच वर्षी त्यांची थोरली बहीण गेली. बाई तिला अक्का म्हणत. अक्काला शुगर होती, रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं. फोनवर तिला कोणा पांढऱ्या कोटातल्या माणसाचे व्हिडिओ दिसायला लागले. सुई हाच खरा आजार आहे, दहा दिवस माझा काढा घ्या, सुई कायमची सुटेल, असं तो अगदी घरच्या माणसासारखं सांगायचा. अक्कानं कोणाला न सांगता इन्सुलिन बंद केलं. अकराव्या दिवशी ती शुद्धीवर आली नाही. तेराव्या दिवशी गेली. तिच्या मुलीला, म्हणजे बाईंच्या भाचीला, फ्रिजच्या दारात न फोडलेल्या खोक्यांची रांग सापडली. फोनवर त्या व्हिडिओखाली अक्कानं सातव्या दिवशी लिहिलं होतं, “मला गुण येतोय.”

भाची बालवाडीत शिकवायची. ती मावशीकडे राहायला आली. दोघींनी मिळून त्या व्हिडिओविरुद्ध कंपनीकडे नऊ वेळा तक्रार केली. नऊ वेळा उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन झालेलं नाही. व्हिडिओ होता तिथेच राहिला आणि बघणारे वाढत गेले.

त्यामुळे खोट्या माहितीविरुद्ध कायदा येणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा बाई सह्या गोळा करत हिंडल्या. माझ्याकडेही आल्या. मी म्हटलं, “बाई, पण खोटं काय ते ठरवणार कोण?”

“कोणीतरी ठरवायला नको?” त्या म्हणाल्या. “आत्ता कोणीच ठरवत नाही. म्हणून माझी बहीण गेली.”

मी सही केली.

कायदा झाला. पडताळणी कक्ष उघडला. जाहिरातीत लिहिलं होतं की भाषेची उत्तम जाण असलेली, बारकाईनं वाचणारी माणसं हवीत. बाईंना पहिल्याच मुलाखतीत घेतलं.

कक्ष एका जुन्या नोंदणी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. कपाटं हलवलेली, पण भिंतींवर त्यांचे फिकट चौकोन राहिलेले. पडद्यावर चकाकी येऊ नये म्हणून खिडक्यांच्या काचा रंगवून टाकल्या होत्या. अठरा टेबलं होती. प्रत्येक पडद्यावर लोकांनी लिहिलेला मजकूर एकामागून एक यायचा आणि खाली तीन बटणं असायची. हिरवं म्हणजे खरं, लाल म्हणजे खोटं, पिवळं म्हणजे माहिती अपुरी. लाल दाबलं की मजकूर तासाभरात सगळीकडून नाहीसा व्हायचा आणि लिहिणाऱ्याचं खातं महिनाभर बंद. तीनदा लाल झालं की खटला. शंका असेल तर संबंधित सरकारी खात्याकडून खुलासा मागवायचा, नोंदवहीत हातानं शेरा लिहून सही करायची, आणि पुढचा मजकूर घ्यायचा.

दुसऱ्याच आठवड्यात पांढऱ्या कोटातला माणूस बाईंच्या पडद्यावर आला. त्याचे अडतीस व्हिडिओ होते. बाईंनी अडतीसही शेवटपर्यंत पाहिले, प्रत्येकावर शेरा लिहिला आणि अडतीस वेळा लाल दाबलं. दुसऱ्या दिवशी मला फोन करून एवढंच म्हणाल्या, “काल अक्काचं काम झालं.”

ते पहिले काही महिने त्यांच्या आयुष्यातले सर्वांत समाधानाचे असावेत. रस्त्यात भेटल्या तर दिवसभरात काय काय पकडलं ते सांगायच्या: कॅन्सर बरा करणारी राख, लहान मुलांच्या लशीबद्दल उठवलेली भुमका, भूकंपाची तारीख. औषधांच्या बाबतीत तर त्यांचा हात विशेष कडक होता. औषधाविरुद्ध कोणी काही लिहिलं की त्यांना फ्रिजच्या दारातली ती रांग दिसायची.

मग एका सोमवारी पिवळं बटण नव्हतं.

बाईंना वाटलं, आपल्याच पडद्यात बिघाड आहे. त्या कक्षप्रमुखांकडे गेल्या. साहेब वयानं लहान आणि अतिशय मृदू बोलणारे होते. कोणी खोलीत आलं की उठून उभे राहायचे.

“बिघाड नाही, बाई,” ते म्हणाले. “पिवळ्याचा अर्थ लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं, सरकारलाच माहीत नाही.”

“पण साहेब, कधी कधी खरंच माहीत नसतं.”

“तेव्हा खात्याला विचारायचं. खातं म्हणेल ते.” ते हसले. “तुमचंच काम हलकं झालंय.”

काम खरोखर हलकं झालं. पूर्वी एकेका मजकुरामागे वीस मिनिटं जायची, आता पाच पुरायची. भोवतालच्या टेबलांवर बटणांचा आवाज भराभर यायला लागला. दुपारी डबे उघडायच्या वेळी पूर्वी लोक आपापले मजकूर सांगून हसायचे, तेही हळूहळू थांबलं. कोणी सांगितलं नव्हतं की बोलू नका. कोणी बोलेनासं झालं, एवढंच.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, बाईंच्या पडद्यावर हा मजकूर आला:

“सर्व पालकाना विनंति. नारंगी झाकणाचे खोकल्याचे औषद बॅचच्या शेवटि ४७ असलेले मुलाना देवू नका. माझ्या गल्लितली तिन मुले लघवि बंद होवून दवाखाण्यात आहेत. मी स्वता हे औषद विकले आहे.”

बाईंनी मला तो मजकूर नंतर पाठ म्हणून दाखवला, एकेका चुकीसकट. त्या म्हणाल्या, “खरं सांगते, मी आधी चुकाच मोजल्या.”

तरी त्यांनी खात्याला विचारलं. चाळीस मिनिटांत उत्तर आलं, तेही निर्दोष. “सदर औषधाबाबत या खात्याकडे कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही.” बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. तक्रार आलेली नाही आणि औषध चांगलं आहे, ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे सव्वीस वर्षं वाक्यं तपासलेल्या बाईला न कळायला काय झालं? त्यांना कळलं. कळलं, आणि बोट आपोआप पिवळ्याच्या जागी गेलं. तिथे काही नव्हतं.

त्यांनी लाल दाबलं.

गुरुवारी त्या पाणी प्यायला बाहेर आल्या, तर बाहेरच्या बाकावर एक माणूस बसलेला. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात बाटल्या वाजत होत्या. त्याला तासभर कोणी विचारलं नसावं. बाईंना पाहून तो उठला.

“ताई, इथे कोणाला भेटायचं असतं? माझं लिहिलेलं काढून टाकलंय.”

“इथे कोणाला भेटता येत नाही,” बाई म्हणाल्या. “अर्ज फोनवरूनच करायचा असतो.”

“खातंच बंद केलंय, तर अर्ज कुठून करू?” त्यानं पिशवी पुढे केली. “माझं औषधाचं छोटं दुकान आहे. आधी डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. या बघा, उरलेल्या अकरा बाटल्या. खात्याकडे घेऊन गेलो, तर म्हणाले, आधी लेखी द्या. लेखी दिलं, तर म्हणाले, असा मजकूर पडताळणीत खोटा ठरलाय, आता घेता येत नाही.”

बाईंनी एका बाटलीवरचा बॅचचा आकडा वाचला: शेवटी ४७.

“मला धड लिहिता येत नाही, ताई,” तो म्हणाला. “आठवीत शाळा सुटली. बायको हसते माझ्या लिहिण्याला. पण तीस वर्षं बाटल्या हाताळल्यात. या बाटलीचा वास नेहमीचा नाही. ज्यानं काढलं, त्यानं एकदा येऊन वास तरी घ्यावा, एवढंच म्हणणं आहे.”

त्यानं एका बाटलीचं झाकण उघडलं. बाईंनी वास घेतला. त्यांना काही कळलं नाही. गोडसर, जड असा काहीतरी वास होता. ते काढणारी मीच, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात शिपाई आला आणि त्यानं त्या माणसाला जिन्याकडे नेलं. दोन मजले खालीपर्यंत बाटल्यांचा आवाज येत राहिला.

त्या संध्याकाळी भाची बालवाडीतून आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

“मावशी, खोकल्याच्या औषधाबद्दल तुमच्याकडे काही आलं होतं का गं?”

“का?”

“माझ्या वर्गातली दोन मुलं आठवडाभर आली नाहीत. आज एकीची आई आली होती, नाव कमी करायला नाही, नुसतीच आली होती. बसून राहिली. म्हणाली, मंगळवारी सकाळी तिनं कुठेतरी वाचलं होतं, हे औषध देऊ नका म्हणून. तिनं बाटली बाजूलाही ठेवली होती. दुपारी पुन्हा वाचायला गेली, तर मजकूर नाही, वर लाल शिक्का. तिला वाटलं, सरकारनं खोटं म्हटलंय म्हणजे खोटंच असणार. आणि मग तिनं दिलं.”

बाईंनी विचारलं, “मुलगी कशी आहे?”

“मशिनवर आहे.”

बाईंनी भाचीला सगळं सांगितलं. भाचीनं चपला काढल्या. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला हे सांगताना बाई म्हणाल्या, “तिनं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.”

शुक्रवारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब उठून उभे राहिले.

“मंगळवारचा माझा एक निर्णय चुकलाय. बदलायचा आहे.”

“बदलता येतो,” साहेब म्हणाले. “खात्याकडून तसं पत्र हवं.”

“खातं म्हणतंय, तक्रार नाही.”

“मग प्रश्नच मिटला.”

“साहेब, तो माणूस तक्रार घेऊन गेला होता. आपण त्याला खोटं ठरवलं, म्हणून त्यांनी घेतली नाही. आणि त्यांच्याकडे तक्रार नाही, म्हणून आपण त्याला खोटं ठरवलं.”

साहेबांनी पुढ्यातली फाइल मिटली. त्यांना ते समजलं होतं, हे बाईंना त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

“तुमच्या बहिणीचं मला माहीत आहे,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही फार मनाला लावून घेता. आठवडाभर रजा घ्या.”

बाईंनी घरी येऊन स्वतःच्या खात्यावर लिहिलं. एकही चूक नसलेला, पाच ओळींचा मजकूर. अकरा मिनिटांत तो नाहीसा झाला. अठरा टेबलांपैकी कोणत्या टेबलावरून, ते त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बाईनं त्यानंतर फोन उचलला नाही.

मग त्यांनी कागद घेतले. शनिवारी दिवसभर बसून हातानं साठ चिठ्ठ्या लिहिल्या:

“पालकांना विनंती. नारंगी झाकणाच्या बाटलीतलं, बॅचच्या शेवटी ४७ आकडा असलेलं खोकल्याचं औषध मुलांना देऊ नका. दिलं असेल आणि मूल लघवी करत नसेल, तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. हे खोटं म्हणून काढलं गेलं होतं. ते खोटं आहे की नाही, हे कोणीही तपासलेलं नाही.”

खाली सही केली, हुद्दा लिहिला. रविवारी मावशी-भाची दोघी निघाल्या. बालवाडीचं फाटक, दवाखान्यांची दारं, औषधांची दुकानं. काही दुकानदारांनी चिठ्ठी घेतली. एकानं वाचून परत दिली आणि म्हणाला, “फोनवर का नाही टाकत? फोनवर नाही म्हणजे काहीतरी गडबड असणार.” एका दवाखान्यात मात्र डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली, खुर्चीतून उठून दार लावलं आणि विचारलं, “तुम्हाला किती मुलं माहीत आहेत?” बाई म्हणाल्या, पाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “माझ्याकडची धरली तर नऊ. मला वाटत होतं, माझ्याचकडे आहेत.”

त्या डॉक्टरीणबाईंनी आणखी कोणाकोणाला फोन केले. पुढच्या बुधवारी खात्यानं ती बॅच बाजारातून परत मागवली. आदेश दोन ओळींचा होता: “खबरदारीचा उपाय म्हणून.” किती मुलं आजारी पडली, किती गेली, याचा आकडा दिला नाही. आकडा विचारणारे मजकूर कक्षात गेले, तर त्यांवर खुलासा आला की अशी कोणतीही नोंद उपलब्ध नाही. बाईंच्या माहितीतली चार मुलं गेली. बालवाडीतली ती मुलगी वाचली, तिच्या वर्गातला दुसरा मुलगा परत आला नाही. महिना उलटला तरी दुकानदाराचं खातं बंदच आहे आणि त्याच्या नावापुढचा लाल शेराही तसाच आहे, कारण मजकूर लिहिला त्या दिवशी खात्याचा खुलासा काय होता, तेच धरायचं असतं. बाई त्याच्या दुकानात गेल्या आणि सांगितलं की ते बटण मी दाबलं. तो गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देत होता. देऊन झाल्यावर म्हणाला, “ताई, विकलं तर मीच होतं,” आणि त्यांना बसायला स्टूल दिलं.

बाईंना कामावरून काढलं. मला वाटलं होतं, आता तरी त्या म्हणतील, कायदाच नको होता. मी एकदा विचारलंही. त्यांनी फोन काढून दाखवला. पांढऱ्या कोटातला तोच माणूस, नाव दुसरं, कोट निळा. दोन लाख लोक बघत होते. “हा चालतो,” त्या म्हणाल्या. “याच्याविरुद्ध खात्याकडे तक्रार नाही. काय नको होतं म्हणू, सांगा.”

महिनाभरानं नियम सुधारला आणि छापील व हस्तलिखित पत्रकंही कक्षाच्या अखत्यारीत आली. मागील तारखेपासून.

परवा दुपारी चार वाजता बाईंच्या घरी दोन माणसं आली. नीटनेटकी, नम्र. चपला दाराबाहेर काढल्या. भाचीनं पाणी दिलं, ते प्यायले. मग त्यांतल्या वयानं मोठ्या माणसानं कोरा कागद आणि पेन बाईंपुढे ठेवलं. चिठ्ठ्या तुमच्याच हातच्या आहेत का, एवढं बघायचं आहे, म्हणाला. बाई म्हणाल्या, “माझ्याच आहेत. खाली सही आहे की.”

“पद्धत असते,” तो म्हणाला, आणि चिठ्ठीचा मजकूर सांगायला लागला. बाईंनी लिहायला घेतलं. तो थांबत थांबत, शाळेत शुद्धलेखन घालावं तसा सांगत होता. शेवटचं वाक्य झालं. बाईंनी पूर्णविराम दिला.

“पुढे लिहा,” तो म्हणाला. “पाण्याच्या टाकीतही तेच मिसळलं आहे.”

बाईंचं पेन थांबलं. “हे माझ्या चिठ्ठीत नव्हतं.”

“नव्हतंच. आम्हाला फक्त अक्षरं हवीत. टा, मि, ळ. तुमच्या मजकुरात ती आलेली नाहीत.”

“मी लिहिणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला. आवाज चढला नाही. कागदावरची शाई वाळू दिली, घडी घातली, खिशात ठेवली. “हरकत नाही. वर्षभर तुम्ही आमच्याकडे शेरे लिहीत होता. उरलेली अक्षरं त्यात आहेत.”

ते गेल्यावर भाचीनं दाराला आतून कडी घातली. घराला इतकी वर्षं दिवसा कधी कडी नव्हती.

हे बाईंनी मला काल सकाळी सांगितलं. दुपारी मी घरी आलो, तर दारातून आत सरकवलेलं एक पाकीट होतं. येत्या एकोणीस तारखेला अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावर हजर राहावं, आणि सदर बाईंच्या हस्ताक्षरातले जुने कागद आपल्याकडे असल्यास सोबत आणावेत, असं त्यात लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.